वृद्धाश्रमातला ठरलेला गुरुवार (इंदूर)

रामबागवासी

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. इंदूरला बायपासच्या पलीकडे एक वृद्धाश्रम आहे. तिथे आम्ही चौघं दर गुरुवारी दुपारी चार वाजता जातो. येत्या नवरात्रात दोन वर्षं होतील. मी शाळेत संगीत शिकवत असे, आता निवृत्त आहे. एक मैत्रीण चित्रं काढते, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गोष्टी सांगतात आणि सुदामानगरचा कॉलेजात जाणारा एक मुलगा पेटी वाजवतो.

सुरुवात चुकली होती, ती आधी सांगते. पहिल्यांदा गेलो ते पंधरा जणींचं भजनी मंडळ घेऊन. भाड्याचा स्पीकर, दीड तास भजनं, मग केळी-पेढे, मग फोटो. निघताना फाटकावरच्या वहीत सही करायची होती. पेन चालेना, म्हणून मी वहीची मागची पानं चाळत उभी राहिले. पितृपक्षात एकेका दिवशी सात-सात, आठ-आठ नावं. कारणाच्या रकान्यात 'भोजन'. दिवाळीच्या आठवड्यात तसंच. आणि चैत्रापासून आषाढापर्यंत मिळून अकरा सह्या, त्यातल्या चार सिलिंडरवाल्याच्या. पितृपक्षात त्या माणसांना दिवसातून दोनदा खीर-पुरी खावी लागते आणि नंतर चार महिने कुणी फिरकत नाही.

तेव्हा ठरवलं की सणावाराला जायचंच नाही. गुरुवारी जायचं, कमी माणसांनी जायचं आणि पाऊस असला तरी जायचं.

आता तिथे माइक नसतो. खुर्च्या गोल मांडतो. बायकांच्या गळ्यांना पेटीची काळी चार ही उंच पट्टी झेपत नव्हती. आम्ही गात होतो आणि त्या नुसत्या ओठ हलवत होत्या. पट्टी उतरवून पांढरी तीनवर आणली त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत आवाज भरला. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन महिने लागले, याचं वाईट वाटतं.

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. माळव्यात पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, रोज नवी आकृती, फुलांच्या पाकळ्यांनी सजवलेली. भिंती नव्या रंगवल्या होत्या म्हणून व्यवस्थापकांनी शेणाला नाही म्हटलं. मग आम्ही मोठे पुठ्ठे आणि शाडू घेऊन गेलो, तेरड्याची आणि झेंडूची फुलं नेली. देवासकडच्या एक आजी होत्या. सात-आठ महिने कुणाशी बोलल्या नव्हत्या, मान खाली घालून बसायच्या. मैत्रिणीनं चौकट केली आणि चंद्र-सूर्य खालच्या कोपऱ्यात लावले. आजींनी हात लांब करून दोन्ही गोळे उपटले आणि वर लावले. म्हणाल्या, "चाँद-सूरज तो ऊपर बणे, बई." मग सोळा दिवसांत काय काय काढायचं ते बोटांवर मोजून सांगितलं, शेवटच्या दिवसाच्या किलाकोटापर्यंत, म्हणजे किल्ल्यापर्यंत. शेजारी नारायणबागेतल्या एक काकू होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, हा तर आमचा हादगाच, फक्त हत्ती राहिला." दोघींची गाणी वेगळी, भाषा वेगळी, पण त्या दिवशी पाच वाजून गेले तरी कुणी उठेना. आम्ही त्या दोघींना काहीच शिकवलं नव्हतं, सामान तेवढं नेलं होतं.

त्या आजी माघात गेल्या. पुठ्ठे अजून कपाटावर आहेत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जे खोलीबाहेर येतच नाहीत त्यांच्यासाठी काय करता? सात नंबरच्या खोलीतले एक आजोबा दोन वर्षांत एकदाही आले नाहीत. आणि पितृपक्ष परत येतोय, तर ते पुठ्ठे काढावेत का? तिसरं म्हणजे, आमच्यातलं कुणी आजारी पडलं तर गुरुवार चुकू नये म्हणून माणसं कशी जोडायची?

पाटणीपुरा

तुमची तळमळ समजते, तरी कडू वाटेल ते लिहितो. माझे वडील दीड वर्ष अशाच एका संस्थेत होते. संस्थेचं नाव आणि गाव इथे सांगत नाही. रात्री वीस जणांमागे एक आया. अंथरूण ओलं झालं की सकाळपर्यंत तसंच. आणि महिन्यातून एकदा भजनी मंडळ आलं की सगळ्यांना तासभर आधी चाकाच्या खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणायचे. पाहुणे येईपर्यंत, कार्यक्रम होईपर्यंत, फोटो होईपर्यंत. वडिलांना लघवीला जायचं असायचं आणि ते लाजेनं बोलत नसत. एकदा मी पोचलो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट चालला होता आणि त्यांच्या खुर्चीखाली थारोळं होतं.

तेव्हापासून 'वृद्धांसाठी सांस्कृतिक कार्यक्रम' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात ढवळतं. आधी माणसं नेमा, चादरी द्या, मग गाणी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढायची तरतूद आहे, सुरुवातीला किमान १५० जणांची सोय होईल असा. खाटा मोजल्या जातात. त्या खाटेवरच्या माणसाला दिवसातून किती वेळा कुणी कूस बदलून देतं, ते कोण मोजतं?

रामबागवासी

पाटणीपुरा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आमच्या पहिल्या कार्यक्रमातही लोकांना असंच आधीपासून बसवलं असणार. मी विचारलं नव्हतं.

आता आम्ही आलो की आधी आयाबाईंना विचारतो, आज कुणाला उठवायचं आणि कुणाला नाही. पाऊण तासापेक्षा जास्त बसत नाही. मध्येच कुणाला जायचं असेल तर गाणं थांबवतो, सगळ्यांसाठीच थांबवतो, म्हणजे एकट्याला अवघडल्यासारखं होत नाही. फोटो बंद केले.

पण आधी चादरी आणि मग गाणी, हे मला पटत नाही. दर आठवड्याला गेल्यामुळेच आम्हाला दिसलं की एका काकांच्या श्रवणयंत्रात तीन महिने सेल नव्हता. सगळे समजत होते की ते आता कुणाला ओळखत नाहीत. सेल घातला आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते पेटीवाल्या मुलाला, "बेटा, भाता जरा हळू." वर्षातून एकदा येणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. चादर ओली आहे हेही दर गुरुवारी येणाऱ्यालाच दिसतं, आणि दिसलं की आम्ही बोलतो. दोनदा बोललो आहोत. एकदा उपयोग झाला, एकदा नाही.

सिस्टर२६

वृद्धांच्या वॉर्डात २६ वर्षं काढली, म्हणून लिहिते.

चार ते पाच ही वेळ चांगली आहे, त्यापुढे नेऊ नका. स्मृतिभ्रंश असलेली बरीच माणसं दिवस कलला की अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात, दार शोधतात. संध्याकाळी सातचा कार्यक्रम त्यांच्यासाठी त्रास असतो.

म्हातारपणी आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. बायकांचा बारीक आवाज, टाळ, मंजिरी यांचा नुसता कलकलाट पोचतो आणि शब्द हरवतात. स्पीकर मोठा केला की श्रवणयंत्रवाल्यांना आणखी त्रास. म्हणून तुम्ही माइक काढलात ते फार चांगलं केलं. समोर बसा, तोंडावर उजेड येऊ द्या, ओठ दिसू द्या.

रंगांचं सांगते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात, लाल-पिवळा टिकतो. पांढऱ्या कागदावर फिकट पिवळं देऊ नका. ज्यांची बोटं वाकडी झालीत त्यांच्या ब्रशच्या दांड्याला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून जाड मूठ करा, लगेच धरता येतो.

आणि कृपा करून विचारल्याशिवाय प्रसाद भरवू नका. पक्षाघात झालेल्या माणसाला गिळताना ठसका लागतो. पेढा श्वासनलिकेत गेलेला मी पाहिलाय. देणाऱ्या बाई बिचाऱ्या हात जोडून रडत होत्या.

पुठ्ठे जरूर काढा. त्या आजींचं नाव घ्या. तिथल्या माणसांना कोण गेलं ते कळलेलंच असतं, रात्री स्ट्रेचर जाताना सगळे जागे असतात. दुसऱ्या दिवशी कुणीच नाव घेत नाही, याचाच त्यांना धसका बसतो. आपलंही असंच होणार म्हणून.

खारीवाव

बडोद्याहून. आम्ही गाणं नेत नाही, पेटी नेतो. वाजवायची नाही, लाकडाची, चित्रांची. कल्पना आमची नाही, गावाचीच आहे. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, त्यात फिरती वाचनालयंही होती. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव जायची. मग वाटलं, जी माणसं आता गावात राहूनही गावाबाहेर गेलीत त्यांच्याकडे पेटी का जाऊ नये?

आमच्या पेटीत रविवर्म्याच्या जुन्या छापील चित्रांच्या मोठ्या प्रती आहेत, लक्ष्मी, सरस्वती, दमयंती. बडोद्यातल्या मराठी, गुजराती सगळ्या घरांत ही चित्रं होती. सुरुवातीला आम्ही विचारायचो, "हे चित्र ओळखलंत का?" चेहरे पडायचे. परीक्षा घेतल्यासारखं होतं ते. आता विचारतो, "हे तुमच्याकडे कुठल्या भिंतीवर होतं?" याला चुकीचं उत्तर नाही. देवघराच्या वर, जिन्यात, आजोबांच्या पलंगाच्या डोक्याशी. दांडियाबाजारातल्या एका वाड्याचं अख्खं माजघर मी असं उत्तरा-उत्तरांतून पाहिलंय, आता तिथे अपार्टमेंट आहे.

ज्यांची स्मृती अगदीच गेलीय त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅन बास्टिंग यांची रीत उपयोगी पडते. त्यांनी १९९० च्या दशकात सुरू केली. आठवायला सांगायचंच नाही, कल्पना करायला सांगायचं. चित्र दाखवायचं आणि जो जे बोलेल ते सगळं लिहून घ्यायचं, असंबद्ध असलं तरी, मग तीच गोष्ट वाचून दाखवायची. आमच्याकडे दमयंतीच्या हंसाला एका काकांनी रेल्वेत नोकरी लावून दिली. काका स्वतः रेल्वेतच होते. गोष्ट वाचून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली, चार वेळा.

लष्कर_ग्वाल्हेर

वृद्धाश्रमाबरोबर आणखी एक जागा आहे जिथे कुणी जात नाही. मनोरुग्णालयातले दीर्घ मुदतीचे वॉर्ड. बरी झालेली, पण घरच्यांनी परत न नेलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात.

आम्ही एका अशा संस्थेत परवानगी मागितली तेव्हा 'करमणूक ही आमची जबाबदारी नाही' असं उत्तर मिळालं. मग एका वकील मित्रानं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा काढून दाखवला. कलम २० मध्ये स्पष्ट आहे, अशा संस्थेत राहणाऱ्या माणसाला फुरसत, करमणूक, शिक्षण आणि धर्माचरण यांसाठी रास्त सोयी मिळण्याचा हक्क आहे. अर्जात ते वाक्य लिहिलं. भांडलो नाही, नुसतं लिहिलं. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. ज्यांना दारावर अडवतात त्यांनी हे कलम जवळ ठेवावं. गाणं-बजावणं म्हणजे दानधर्म ही समजूत तिथेच गळून पडते.

ग्वाल्हेरला गाणाऱ्यांची वाण नाही. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या देखरेखीखाली १९१८ मध्ये सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे, गल्लोगल्ली शिकणारी मुलं आहेत. पण त्या मुलांना मोठ्या मंचाची ओढ. आम्ही दोघांना घेऊन गेलो. मुलीनं भूप रागातली मध्यलय बंदिश सुरू केली. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला, पन्नाशीचा एक माणूस मांडीवर तीनताल देऊ लागला, टाळी-खाली अचूक. खालीला हात उलटा. मुलगी गाताना रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, माझी सम चुकली होती, त्यांची नाही." तेव्हापासून ती दर पंधरवड्याला येते. मंचाचं तिनं काय ठरवलंय, मी विचारलेलं नाही.

टेम्सकाठ

इंग्लंडहून. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९७७ साली इथे 'लाइव्ह म्युझिक नाऊ' नावाची संस्था काढण्यात पुढाकार घेतला. कारकीर्द नुकती सुरू केलेले वादक-गायक निवडायचे, वृद्धाश्रम, रुग्णालयं, विशेष मुलांच्या शाळा अशा ठिकाणी कसं वाजवायचं याचं प्रशिक्षण द्यायचं आणि मानधन देऊन पाठवायचं. मानधन हा शब्द मुद्दाम लिहितोय. रामबागवासींच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. फुकट येणारा मुलगा परीक्षा आली की थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध मांडला होता. कुणी देणगीदार शंका घेत असेल तर तो अहवाल पुढे ठेवा.

लोकमान्यनगर

सेवेचे पैसे घ्यायचे? मन घेत नाही.

रामबागवासी

लोकमान्यनगर, मलाही आधी असंच वाटलं होतं. पण आमचा पेटीवाला मुलगा दोन ट्यूशन सोडून येतो, हे मला त्याच्या आईकडून कळलं. आम्ही तिघं निवृत्तिवेतनवाले आहोत. आता दरमहा तिघं मिळून त्याच्या पाकिटात काही घालतो. त्याची सेवा त्यामुळे कमी झाली असं मला एकदाही दिसलं नाही.

नारायणबागेतला

खोलीबाहेर न येणाऱ्यांबद्दल लिहायचंय. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. गायक कुमार गंधर्व, आपले कुमारजी, १९४८ मध्ये क्षयानं आजारी होऊन देवासला आले. गायची मनाई. पुढची सुमारे पाच वर्षं त्यांनी पडल्या पडल्या ऐकण्यात काढली, खिडकीखालून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी. त्यातून पुढे काय उगवलं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक आजारी माणसाच्या आत कुमारजी असतात असं मला म्हणायचं नाही, तसं म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे. मला त्या बायका महत्त्वाच्या वाटतात. त्या कुणाला बरं करायला गात नव्हत्या. त्या तिथून रोज जात होत्या आणि खिडकी उघडी होती, एवढंच.

तेव्हा सात नंबरच्या आजोबांना हॉलमध्ये आणू नका. तुम्हीच व्हरांड्यात बसा. दारं उघडी ठेवायला सांगा. टाळ्या नाहीत, 'या ना काका' नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याला दार लावून घेता आलं पाहिजे, हेही सांभाळा. त्या इमारतीत त्याच्या हातात तेवढं एक दारच असतं.

चित्रांसाठी इंदूरचे चित्रकार चिंचाळकर गुरुजी यांना आठवा. वाळलेली पानं, काटक्या, फुटकी भांडी, फेकलेल्या वस्तू, यांतून ते चेहरे शोधायचे. महागडे रंग नेले की लोक बिचकतात, खराब होतील म्हणून हात लावत नाहीत. पिंपळाचं वाळकं पान कुणीही हातात घेतं.

पाटणीपुरा

दाराचं लिहिलंत ते बरोबर आहे. वडिलांच्या खोलीला कडी आतून नव्हती.

रामबागवासी, गुरुवारी मला सुट्टी असते. गाता येत नाही. खुर्च्या लावीन, आणि कुणाला उठायचं असेल तर नेऊन आणीन. ते मला चांगलं येतं.

रामबागवासी

पाटणीपुरा, या. फाटकावर पावणेचारला भेटू.

कालचा गुरुवार सांगते. नारायणबागेतल्यांनी लिहिलं तसं व्हरांड्यात बसलो, सात नंबरच्या समोर नाही, दोन खोल्या सोडून. दारं उघडी. चार गाणी झाली. पुठ्ठेही काढले होते, देवासच्या आजींचं नाव घेतलं. हादगावाल्या काकू म्हणाल्या, चंद्र-सूर्य वरच लावायचे बरं का, आणि मग कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

निघताना आयाबाईंनी घडी केलेला कागद दिला. सात नंबरमधून. कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलनं हिंदीत तीन ओळी. मराठीत सांगते: पेटीचा मधल्या सप्तकातला मध्यम, म्हणजे 'म', उतरलाय, वर्षभर ऐकतोय. आतली सुराची पितळी पत्ती टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. बारीक पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) आणि कानस घेऊन या.

मुलानं घरी जाऊन तपासलं. मध्यम खरंच उतरला होता. आम्हा दोघांच्या कानांना सवय झाली होती.

बारीक कानस इंदूरला कुठे मिळेल? सराफ्यातल्या कारागिरांकडे असते म्हणतात, पण विकत देतील का माहीत नाही. गुरुवारच्या आत हवी आहे.

लोकमान्यनगर

माझ्या सासऱ्यांची आहे, घड्याळं दुरुस्त करायचे. उद्या सकाळी रामबागेत आणून देते.